काचेची चुगली

त्याला सगळं गाव दादा म्हणायचं. गावाचं सोडा, त्याची सख्खी आईसुद्धा दादाच म्हणायची. चार वर्षांचा होईपर्यंत घरात तो बाळ होता. मग धाकटा जन्मला, आणि एका सकाळीत बाळ हे नाव त्याच्या अंगावरून काढून पाळण्यातल्या त्या लालबुंद गाठोड्याला देण्यात आलं. तेव्हापासून दादा शहाणा, दादा समजूतदार, दादाने असं रडायचं नसतं. शहाणं व्हायचंय का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. धाकट्याला मात्र चोपन्नाव्या वर्षीही, टक्कल पडून चाळिशी लागल्यावरही, आई बाळ म्हणूनच हाक मारायची. ती हाक कानावर पडली की अठ्ठावन्न वर्षांच्या दादाच्या पोटात बारीक कळ यायची. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, पण लपवायलाही त्याला कधी जमलं नाही. त्याच्या या पोटदुखीवर बायको रोज जेवताना एखादा शेरा मारायची.

दादा काचवाला होता. दुकानात भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या मोठाल्या काचा, जाड लोकरी कापड अंथरलेलं टेबल, मापाची लाकडी पट्टी आणि काच कापायची हिरकणी, एवढा त्याचा संसार. काचेवर हिरकणीची एकच रेघ ओढायची, दुसरी ओढली की काच रागावते, असं तो म्हणे. मग रेघेच्या दोन बाजूंना अंगठे देऊन हलकेच दाबायचं. खिडकीत काच बसवताना चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या आणि कडेने लांबी भरायची. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल एकत्र मळून केलेला गोळा. तो दादा स्वतः मळायचा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून एप्रनच्या एका खिशात ठेवायचा. दुसऱ्या खिशात चुका. "माझ्या चुका मी खिशात घेऊन फिरतो, तुमच्यासारख्या लपवत नाही," हा त्याचा चाळीस वर्षांचा जुना विनोद होता आणि गिऱ्हाइकं बिचारी अजून हसायची.

लांबीबद्दल मात्र तो विनोद करत नसे. "काचेला आवळून धरायचं नाही," तो प्रत्येकाला सांगायचा. "लाकूड फुगतं, आकसतं, वारा ढकलतो. काचेला हलायला जागा लागते. लांबी ती जागा देते. सिमेंटात काच बसवणारा माणूस काचवाला नाही, तो गवंडी."

धाकटा पोस्टमन होता. आता बघा, पोस्टमनची लोक वाट बघतात. त्याला पाणी विचारतात, उन्हातून आलास बस म्हणतात, नातवाचं पत्र त्याच्याकडूनच वाचून घेतात. काचवाल्याला कोण बोलावतं? ज्याच्या घरी काहीतरी फुटलंय तो. दादा दाराशी पोचेपर्यंत समोरचा माणूस आधीच वैतागलेला असायचा, आणि त्या वैतागाचा निम्मा वाटा दादाच्या पदरात पडायचा. सगळ्या गावात धाकट्याचा एक शत्रू नव्हता. दादाच्या मते हा गुण धाकट्याचा नव्हता, टपाल खात्याचा होता.

आणि आई धाकट्याकडे राहायची. वडील गेल्यावर ती म्हणाली, "मी बाळाकडे राहते. त्याच्याकडे खालची खोली आहे, मला जिने नकोत." दादाचं घर बैठं, त्यात जिनाच नव्हता. हे त्याने आईला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, आणि दादा अजून त्या जिन्याशी भांडत होता.

भूकंप झाला तो सकाळी सव्वादहाला, कामाच्या वेळी. दादा एका कपाटाच्या दाराची काच कापत होता. आधी जमिनीतून घरघर आली. मग दुकानातल्या सगळ्या काचा एकदम बोलायला लागल्या, आणि चाळीस वर्षांत त्याने काचेचा तसा आवाज ऐकला नव्हता. तो कसाबसा रस्त्यावर आला आणि पाठीमागे त्या सगळ्या काचा खळकन खाली बसल्या. पायाखालची जमीन सरकणं हा नुसता बोलण्याचा प्रकार नसतो, हे त्या मिनिटात गावाला कळलं.

जमीन थांबताच दादा पळत सुटला. वाटेत त्याचं स्वतःचं घर लागलं. अंगणात बायको उभी राहून त्याला हाका मारत होती. तो तिच्यासमोरून तसाच निघून गेला. हे तिने त्याला पुढे कायम ऐकवलं, आणि बरोबरच होतं. छाती फुटायची वेळ आली तेव्हा तो धाकट्याच्या गल्लीत पोचला. बघतो तर काय, धाकटा समोरून येतोय, पुढे टपालाची पिशवी, पाठीवर आई. त्याची फेरी त्या वेळी नेमकी त्याच गल्लीत होती.

"दादा, तू ठीक आहेस ना?" आई पाठीवरूनच म्हणाली. "बाळ जवळ होता म्हणून वाचले बघ."

आई जिवंत बघून दादाला रडू आलं. ते खरं रडू होतं. पण त्या आनंदाच्या शेजारी लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. आपण एवढे पळत आलो आणि हा आधीच. सगळं गाव कोसळतंय आणि या माणसाची फेरी याच गल्लीत.

बाजारातली दगडी दुमजली घरांची अख्खी रांग बसली होती. एकोणीस माणसं गेली. दोघे भाऊ तीन दिवस त्या ढिगाऱ्यावर शेजारी शेजारी उभे राहून दगड उचलत होते, आणि त्या तीन दिवसांत दादाच्या मनात दुसरं काही आलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. गेलेल्यांपैकी चौघांच्या खिडक्या त्याने स्वतः बसवल्या होत्या. गावामागच्या डोंगराची एक कूस झाडांसकट घसरून नदीत आली. नदी दोन दिवस तुंबली, खालच्या वस्तीतली माणसं अंथरुणं घेऊन उंचावर गेली. मग पाण्याने स्वतःच वाट फोडली, आणि पुढे महिनाभर नदी गढूळ, तांबूस वाहत राहिली. काठावर मासे मरून पडले. चिमण्या वळचणीला यायच्या बंद झाल्या. लहानसहान धक्के चालूच होते. गावात बोलता बोलता प्रत्येक जण वर टांगलेल्या दिव्याकडे बघायचा, तो हलतोय का म्हणून. मुलं बूट घालून झोपायची.

दादाच्या घरापासून तीस पावलांवर पिढ्यान्‌पिढ्या वाहणारा झरा होता. तो आटला. चार दिवसांनी खालच्या बाजूला, धाकट्याच्या गल्लीत, एका भिंतीच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी वाहायला लागलं.

"बघ," दादा बायकोला म्हणाला, "पाणीसुद्धा त्याच्याकडे राहायला गेलं."

"त्यालाही जिने नको असतील," बायको म्हणाली.

आता घरांची गोष्ट. दादाचं बैठं घर, लाकडी सांगाडा, वर हलके पत्रे. ते हललं, करकरलं आणि होतं तसं उभं राहिलं. खिडक्यांच्या काचा गेल्या तेवढंच. धाकट्याचं घर दगडी भिंतींचं, दुमजली, वर जड स्लॅब. तेही उभं होतं, पण आईच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघून तिरकी छतापर्यंत गेली होती. ऐन तिच्या उशाशी. दादाने ती भेग पाहिली आणि त्याच्या मनात जे आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. त्याला आशा वाटली. हे घर राहण्यालायक नाही म्हणून ठरलं, तर आई कुठे जाईल? एकच मुलगा उरतो.

त्याने आपली मागची खोली रिकामी केली, रंग दिला, पूर्वेच्या खिडकीला गावात उरलेली सगळ्यांत चांगली काच बसवली. खाट आणली. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "लोक भूकंपाला शिव्या देतायत. तुम्ही पाहुण्यांची तयारी करताय."

मग वरून इंजिनीअर बाई आल्या. शाळेच्या मैदानावर तंबूत त्यांचं ऑफिस लागलं. पडलेल्या घरांचा निकाल सोपा होता, धड उभ्यांचाही सोपा. कठीण होती ती मधली, भेगा पडलेली. बाईंनी दादाला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, मला पातळ काचेच्या पट्ट्या हव्यात. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. शे-दीडशे."

पट्टी भेगेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटाने भिंतीत पक्की करायची. भेग वाढतेय का हे डोळ्यांना कळत नाही. काच मात्र ताणली जात नाही. भिंत केसभर हलली की काच तडकते. "तडकलेली दिसली की सामान आवरत बसायचं नाही," बाई घरोघर सांगायच्या. "आहात तसे बाहेर यायचं." गावाने त्या पट्टीचं लगेच नाव ठेवलं, चुगली. आमच्या स्वयंपाकघरात दोन चुगल्या आहेत, तुमची अजून गप्प आहे ना, अशा गप्पा त्या नव्या झऱ्यावर व्हायला लागल्या.

दादा पट्ट्या कापायचा आणि बाईंच्या माणसांबरोबर घरोघर फिरायचा. सिमेंटाचं काम बाईंची माणसं करायची. चाळीस वर्षांत पहिल्यांदा लोक त्याची वाट बघत होते, पाणी विचारत होते. त्याची मान ताठ झाली. धाकट्याच्या गल्लीत सगळे पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि घमेल्यातलं सिमेंट संपलं होतं.

"हे एकच घर राहिलंय," बाई म्हणाल्या. "दादा, तुमच्या भावाचंच आहे. उद्या सकाळी तुम्हीच लावाल?"

"मी लावतो ना," दादा म्हणाला. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि धाकट्याने तर जास्तच ऐकलं, असं त्याला वाटलं.

सकाळी तो गेला तेव्हा धाकट्याची बायको म्हणाली, "भाऊजी, ते सिमेंट नका ना थापू. सासूबाईंच्या डोक्याशीच डाग राहील तो कायमचा." दादाला ते पटलं. त्याचा हात आपसूक एप्रनच्या खिशात गेला. त्याने लांबीचा गोळा काढला, दोन टोकांना दोन गोळ्या लावल्या, काच त्यांवर बसवली, अंगठ्याने दाबली, वरून चुन्याचं बोट फिरवलं. सुबक काम झालं. गावातल्या दीडशे पट्ट्यांत तेवढी सुबक दुसरी नव्हती. दुपारी बाई येऊन गेल्या. आई झोपली होती म्हणून त्यांनी दारातूनच पाहिलं, काच दिसली, वहीत तारीख लिहिली आणि पुढे गेल्या.

तेव्हापासून दादा रोज सकाळी दुकानात जायच्या आधी धाकट्याकडे जायला लागला. अकरा वर्षांत कधी रोज गेला नव्हता. आईला बरं वाटायचं. ती त्याच्यासाठी चहा झाकून ठेवायची. तो यायचा, बसायच्या आधी भिंतीकडे बघायचा, मग बसायचा. काच अखंड. चहा कडू लागायचा.

गावातल्या चुगल्या एकेक करून बोलायला लागल्या. गवंड्याच्या घरातली फुटली. शिंपिणीच्या घरातली फुटली. पाच आठवड्यांत बावीस काचा तडकल्या, बावीस कुटुंबं मैदानावरच्या तंबूंत गेली, आणि त्यांतली सात घरं पुढच्या धक्क्यांत खरोखर पडली. धाकट्याची काच जशीच्या तशी. लोक म्हणायला लागले, पोस्टमनची पुण्याई. दादाने हे शब्द तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकले आणि तिन्ही वेळा घरी येऊन जेवला नाही.

"त्याची भिंतसुद्धा त्याच्या बाजूची," तो बायकोला म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला ती पडायला हवी?"

"पडायला नको. हलायला हवी."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पाण्याचा पेला उचलून तोंडासमोर धरला. मागच्या खोलीतली खाट तशीच होती. तिच्यावरची चादर तो दर आठवड्याला बदलायचा, कुणी झोपलेलं नसताना.

त्या दिवशी तो साडेअकराच्या सुमाराला गेला. ही वेळ त्याने हेरून ठेवली होती. धाकटा फेरीवर, त्याच्या दोन्ही मुली शाळेत, आई आणि धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, झऱ्यावर. दार उघडंच असायचं. दादाच्या खिशात हिरकणी होती. हातोडीने फोडलेली काच वेगळी दिसते आणि भिंतीने तडकवलेली वेगळी, हे गावात त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आणि भिंतीने तडकवल्यासारखी कशी फोडायची, हेही त्यालाच कळत होतं. एक रेघ आणि थोडा अंगठा. आई संध्याकाळी आपल्या घरी.

त्याने डाव्या अंगठ्याने काच धरली, हिरकणी टेकवली, आणि काच सरकली.

फुटली नाही, तडकली नाही, बोटाखालून गपकन सरकली. दादाने हात मागे घेतला. मग खाली वाकून डाव्या बाजूची लांबी पाहिली. गोळी लांबट झाली होती, भिंतीने तिला एका अंगाला ओढत नेलं होतं. तिच्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. तोही ताणून लांब झाला होता. त्याने काच बाजूला केली. लावली तेव्हा या भेगेत त्याचं नख शिरत नव्हतं. त्याने खिशातून एक चूक काढली आणि भेगेवर टेकवली. ती हातातून सुटली आणि आत कुठेतरी पडली.

दादा आईच्या खाटेवर बसला. काचेला हलायला जागा पाहिजे. ती जागा त्याने स्वतःच्या हाताने दिली होती. पाच आठवडे भिंत सरकत होती, पाच आठवडे त्याची आई त्या भिंतीखाली निर्धास्त झोपत होती, कारण काच गप्प होती. गावातल्या सगळ्या चुगल्या बोलत होत्या आणि त्याने लावलेली एकटी मुकी होती.  तो उठला, आणि दारात पाण्याची कळशी घेऊन धाकटी उभी होती. तिने काचेकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या हिरकणीकडे.

"काच फोडायला आलात भाऊजी?"

"आईला आत आणू नकोस," दादा म्हणाला. "कुणीच आत येऊ नका. ही भिंत हललीय."

"भिंत हलली की तुम्ही हलवली?"

धाकटा आला तो अर्ध्या फेरीतून, पिशवी गळ्यातच. आई दाराबाहेर पायरीवर बसली होती. धाकट्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि मग, जन्मात पहिल्यांदा, तो दादावर चिडला.

"आई पाहिजे तर तसं सांग ना दादा. भिंतीला कशाला मध्ये घालतोस? महिनाभर बघतोय मी. रोज येतोस आणि आधी त्या काचेकडे बघतोस. मला काय कळत नाही?"

"मी लांबी लावली होती," दादा म्हणाला. "सिमेंट नाही लावलं. ती फुटणारच नव्हती रे. बघ, ही भेग बघ."

"तू लांबी लावशील? बाईंच्या मागे महिनाभर फिरून तुला एवढं कळलं नाही?"

"हाताला सवय आहे."

"आणि आज ही हिरकणी कशाला आणलीस? तीही सवय?"

दादाने हिरकणी खिशात टाकली.  भेग दाखवायला गेला तर धाकटा म्हणाला, तूच आत्ता पहारीने उकरली असशील.  आई उठून आत जायला निघाली, माझी गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून. दादा दारात आडवा उभा राहिला. सख्ख्या आईला त्याने अडवलं, आणि गल्लीतल्या बाया बघायला जमल्या.

"बाईंकडे चल," तो धाकट्याला म्हणाला. "त्या म्हणतील तसं. तोवर ही आत जाणार नाही."

तंबूत बाई कागदांच्या ढिगामागे बसल्या होत्या. बाहेर दोन-चार माणसं आपली पाळी यायची वाट बघत होती, ती कान देऊन ऐकत होती. दादाने लांबीचं सांगितलं. आपल्या धंद्यात आपण चूक केली हे चारचौघांत सांगताना त्याची जीभ दोनदा अडखळली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काच सरकते हे तुम्हाला कसं कळलं?"

"हात लावला तेव्हा."

"हात कशाला लावला?"

धाकटा शेजारी उभा होता. दादा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "फोडायला गेलो होतो. भिंतीने फोडली असं दाखवायचं होतं, म्हणजे आई माझ्याकडे आली असती. फोडायला गेलो म्हणून कळलं. नाहीतर कळलं नसतं."

बाहेरच्या माणसांत कुणीतरी खाकरलं. धाकट्याने दादाकडे वळून पाहिलं. मग तो बाईंना म्हणाला, "चला बाई, तो खरं बोलतोय. स्वतःची एवढी लाज काढून कुणी खोटं नाही बोलत."

बाईंनी भेगेत बोट घातलं, वर छताकडे पाहिलं आणि त्याच पावली सगळ्यांना बाहेर काढलं. दारावर लाल खूण केली. धाकट्याने तेवढ्यात घाईघाईने आईची पेटी ओढून काढली, ती त्याच्या पायावर पडली आणि तो लंगडायला लागला. कुटुंब मैदानावरच्या तंबूत गेलं. सहाव्या दिवशी दुपारी एक धक्का आला. इतका हलका की दादाच्या दुकानात नव्याने आणलेल्या काचा नुसत्या किणकिणल्या. आईच्या खोलीची भिंत आत पडली आणि तिच्या मागोमाग स्लॅब. खोलीत कुणी नव्हतं.

आता गावाची तऱ्हा बघा. तासाभरात सगळं गाव धाकट्याच्या तंबूपाशी. कुणी भांडी आणली, कुणी पांघरुणं, शिंपिणीने मुलींसाठी कपडे. बिचाऱ्या पोस्टमनचं घर गेलं. दादाने काय केलं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते लोक दोन्ही बाजूंनी सांगत होते, त्याने वाचवलं असंही आणि तो फोडायला गेला होता असंही. दुसरं जास्त रंगवून. दादा दुरून ती गर्दी बघत होता, आणि एवढं सगळं होऊनही पोटातली ती कळ आलीच. स्वतःचीच त्याला शिसारी आली. पण कळ होती ती होती.

गर्दी पांगल्यावर तो काचा वाहायची हातगाडी घेऊन तंबूपाशी आला. गाडीवर त्याने टेबलावरचं लोकरी कापड अंथरलं होतं. आई तंबूच्या तोंडाशी खुर्चीवर बसली होती.

"चल," दादा म्हणाला. "खोली तयार आहे."

आईने गाडीकडे पाहिलं. "तू रोज यायचास ना," ती म्हणाली, "मी चहा झाकून ठेवायची. मला वाटायचं माझ्यासाठी येतो."

"तुझ्यासाठीच यायचो."

"हो, तेही कळतंय." ती थोडं थांबली. "पण आत्ता कशी येऊ रे? बाळाचं घर गेलंय. पाय दुखावलाय. दोन पोरी तंबूत. याला टाकून मी पक्क्या छताखाली जाऊन झोपू? तुझं सगळं उभं आहे, दादा. तुला माझी काय गरज?"

दादा म्हणाला, "म्हणजे माझं पडायला हवं होतं?"

आईने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "पडलं असतं तर तुझ्याकडे आले असते," ती म्हणाली.

धाकटा तंबूत खाली मान घालून मुलींची पुस्तकं पुसत होता. धाकटी दोरीवरचे कपडे उगाच परत परत सारखे करत होती. दादा हातगाडीच्या दांड्याला धरून उभा राहिला. निघून जावं असं त्याला वाटलं, आणि तो वळलाही. मग दोन पावलं जाऊन परत आला.

"तुझ्या पोरींची अंथरुणं कुठेत?" तो धाकट्याला म्हणाला.

"कशाला?"

"मागची खोली आईला आणि पोरींना. तुम्ही दोघं मधल्या खोलीत. आम्ही दोघं पुढे झोपू. माझ्या घरात जिना नाही, हे तुला माहीतच असेल."

धाकट्याने मान वर केली.  धाकटीने दोरीवरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. मुली आपापली अंथरुणं डोक्यावर घेऊन पुढे निघाल्या, धाकटी पेटी घेऊन त्यांच्या मागे. दादाने आईला उचलून गाडीवर बसवलं. ती पोत्याएवढीही भरली नाही. धाकटा लंगडत आला आणि दांड्याला हात घालायला लागला.

"हात लावू नकोस," दादा म्हणाला. "हिला मी नेणार."

धाकट्याने हात काढला. मैदान संपलं आणि वरच्या गल्लीचा चढ लागला. आई मागे वळून बघत होती. दादाकडे नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे, लंगडत येणाऱ्याकडे.

"दादा, जरा थांब," ती म्हणाली. "त्याच्या पायाला होत नाहीये बघ. बाळा, तू पण बस इथे वर. जागा आहे."

"नको आई, चालतो मी," धाकटा म्हणाला.

दादा चढाच्या मध्यावर गाडी रोखून उभा होता. त्याचे दंड थरथरत होते. त्याने आईकडे पाहिलं. तिने खरंच थोडं सरकून जागा केली होती, आणि ती जागा दादासाठी नव्हती.

"बस," तो धाकट्याला म्हणाला.

"दादा, अरे—"

"बस म्हणतो ना."

चोपन्न वर्षांचा टकला पोस्टमन पाय खाली सोडून आईच्या शेजारी बसला. आईने त्याच्या दुखऱ्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला. दादाने दांड्यावरची पकड बदलली, खांदा लावला आणि दोघांना घेऊन चढ चढायला लागला.